मिक्स करा म्हणजे नेमकं काय करा?

मागे वहिनीला गोळाभाताची रेसिपी टाइप करून पाठवली, जाडसर वाटलेल्या डाळीत तिखट, हळद, हिंग, तेल टाकून नीट मिक्स करा, तर तिनं ते सगळं परत मिक्सरमधून फिरवलं. पार पेस्ट. गोळे वळताच येईनात, फोनवर म्हणते, भाऊजी तुम्हीच तर लिहिलं न मिक्स करा म्हणून! आता काय बोलणार.

तर मिक्स लिहायच्या आधी हात काय करून राहिला ते बघा. डाळीला तेल-तिखट चोळायचं असेल तर कालवा लिहा, कणीक असेल तर मळा, ताकात बेसन असेल तर गुठळी मोडेपर्यंत घोटा, आणि नुसता चमचा फिरवायचा तर ढवळा. इंग्रजीतही सगळं मिक्स नसतंच, ब्लेंड म्हणजे एकजीव झालं पाहिजे आणि केकच्या रेसिपीत फोल्ड आलं तर मैदा हलक्या हातानं खालून वर घ्यायचा, फेटून भरलेली हवा जायला नको. तिथं जोर लावला की केक बसला.

ठेल्यावर पोहेवाला विचारतो, "भाऊ, तर्री मिक्स करून देऊ का?" हो म्हणू नका. तर्री, म्हणजे तो झणझणीत लाल रस्सा, वरूनच पाहिजे, कडेनं लाल तेल उतरत जातं आणि मधले पोहे कोरडे राहतात, मजा तिथंच आहे, कालवून दिले की लगदा. आणि पुण्याचा पाहुणा असेल तर "वरून सांबार मिक्स कर" ऐकून दचकेल, त्याला आधीच सांगा की इथं विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

बांधकामाच्या साइटवर मात्र मिक्स म्हणजे हिशोब. काँक्रीटच्या एम २० ग्रेडमधला एम मिक्सचाच, २० म्हणजे २८ दिवसांनी चाचणीच्या क्यूबची, म्हणजे ठोकळ्याची, दाब सोसायची ताकद दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. साधं प्रमाण १:१.५:३, सिमेंट, रेती, गिट्टी. घर बांधत असाल तर घमेली स्वतः मोजा, अंदाजानं टाकू देऊ नका.

माणसांसाठी बिनधास्त वापरा, पोरगा कोणात मिक्स होत नाही, चालतं. पण दुधात पाणी असेल तर त्याला मिक्स नाही, भेसळ म्हणायचं, उगाच पॉलिश कशाला.

आणि इंग्रजी शब्द म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, मिक्स लॅटिनमधून आला आणि आपलं मिश्र संस्कृतमधून, दोघांचं मूळ एकच, म्हणजे दूरचे चुलतभाऊच झाले.

वहिनीला नवीन मेसेज केलाय: हातानं कालवा, मिक्सरचं बटण बंद. उत्तरात नुसता अंगठा आला.