मैथिली पद्धतीची सरस्वती पूजा, इंदूरच्या घरात

आपल्याकडे पाटीपूजन दसऱ्याला: एकच्या आकड्यांची सरस्वती काढली की झाले. दरभंगा, मधुबनी, जनकपूरकडे, म्हणजे मिथिलेत (उत्तर बिहार आणि लगतचा नेपाळ), हा मान माघ शुद्ध पंचमीचा, वसंत पंचमीचा. पूजा सकाळीच उरकतात. पंचमी दोन दिवसांत विभागली असेल तर ज्या दिवशी सकाळी पंचमी आहे तो दिवस धरावा.

खरी मेहनत अरिपनाची. ही कोरडी रांगोळी नव्हे. तांदळाच्या पिठाराने, बोटाने काढायची. वाटीभर कच्चे तांदूळ (उकडे नकोत) चार तास भिजवून मिक्सरवर गंधासारखे बारीक वाटावेत आणि दाटसर ताकाइतके पातळ करावेत. कणी राहिली तर रेघ तुटते, पिठार घट्ट झाले तर वाळल्यावर पोपडे निघतात. मिथिलेत सारवलेली जमीन पाणी शोषते, म्हणून रेघ जागच्या जागी बसते. आपल्या फ्लॅटच्या गुळगुळीत फरशीवर ती पसरते, आणि माणसे उगाच पिठाराला दोष देतात. त्यापेक्षा लाकडी पाट किंवा प्लायवूडचा तुकडा गेरूने रंगवून पूर्ण वाळवून घ्यावा. सुती चिंधी पिठारात बुडवून मुठीत धरावी, हलके दाबावे. धार अनामिकेवरून उतरते. मधोमध कमळ, भोवती वेल. रेघा सुकल्यावरच शेंदराचे ठिपके द्यावेत, ओल्यावर दिले तर गुलाबी डाग पडतात.

प्रसादाला बोरे, गाजर, केशौर आणि बुनिया, म्हणजे आपली बुंदी. केशौर बाजारात मिश्रीकंद म्हणून मागावे; ते सोलून कच्चेच खातात. थंडीत इंदुरात गराडू हा कंद जागोजागी दिसतो, पण तो त्याच्या जागी चालत नाही. कच्चा गराडू घसा खाजवतो.

बुंदीला पाव किलो बेसन, साधारण तेवढेच पाणी, पण ते थोडे थोडे घालावे. आधी एक झारा पाडून बघावा: शेपट्या आल्या तर पीठ घट्ट, चपट्या पडल्या तर पातळ. साखर तीनशे ग्रॅम, पाक एकतारी. त्यापुढे गेला तर बुंदीवर पांढरी साखर धरते. गरम बुंदी कोमट पाकात घालावी.

मूर्ती किंवा तसबीर अरिपनावर मांडून पिवळी फुले वाहावीत. शेजारी पुस्तके, वह्या, दौत-लेखणी. परीक्षा तोंडावर असली तरी गणिताचे पुस्तक बाहेर राहू देऊ नये, कारण त्या दिवशी अभ्यास बंद असतो आणि मुले एवढा एकच नियम काटेकोर पाळतात. देवीच्या पायांवर अबीर, म्हणजे आपला गुलाल, वाहतात. मिथिलेत इथूनच फाग, म्हणजे होळीची गाणी, सुरू होतो.

घरात लहान मूल असेल तर अक्षरारंभ याच वेळी. मांडीवर घेऊन, हात धरून पाटीवर आधी आँजी काढवतात. मैथिलीच्या जुन्या तिरहुता लिपीत लेखनाच्या आरंभी येणारे हे शुभचिन्ह, आपल्या ‘श्री’च्या जागी. पाटी ओल्या फडक्याने पुसली असेल तर वाळू द्यावी, नाहीतर पेन्सिल उमटत नाही आणि मूल हिरमुसते.

विसर्जन दुसऱ्या दिवशी. शाडूची मूर्ती बादलीत विरघळवून पाणी कुंड्यांना घालावे. प्लास्टरची असेल तर ती विरघळणार नाही, म्हणून घेतानाच विचारावे. पुस्तके मात्र आधी उचलावीत, पाण्याचे शिंतोडे उडतात.