आधी तो पाण्याचा पाइप खाली ठेवा: मांस-दुधाच्या कारखान्यात साथ कशी रोखावी

साथीची कुणकुण लागली की कारखान्यात सगळ्यात आधी येतं ते फॉगिंगचं, म्हणजे जंतुनाशकाचं धुकं सोडणारं मशीन. त्यामागोमाग दारातला पाय बुडवायचा ट्रे, 'हात धुवा'ची पोस्टरं आणि तासाभराचं ट्रेनिंग, ज्यात मागच्या दोन रांगा झोपलेल्या असतात. या कामात मी बरीच वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. त्या जोरावर सांगतो, यातल्या एकाही गोष्टीने साथ थांबत नाही. रात्री शेड कशी धुतली जाते, यावर बरंचसं ठरतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा धुण्याला दिली आहे. बाकीच्या पायऱ्या त्या मानाने सोप्या आहेत.

१. जंतूंची नव्हे, वाटांची यादी करा

कामगाराला जंतूंची लॅटिन नावं पाठ करायला लावून काही होत नाही. जंतू कुठल्या वाटेने आत शिरतो ते सांगा. वाटा चारच: नाक, डोळा, जखम, तोंड.

नाकावाटे क्यू फीवर येतो, जनावरांकडून माणसाला होणारा एक ताप. १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातले कामगार तापाने पडायला लागले, तेव्हा हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. गाय, शेळी, मेंढी यांच्या वारेत आणि गर्भजलात त्याचे जंतू ठासून भरलेले असतात, आणि वाळल्यावर धुळीबरोबर उडतात. ब्रुसेला हा जनावरांकडून येणारा तापाचा जंतू हवेतूनही येतो आणि जखमेतूनही. कोंबड्या-टर्कीच्या कामात पक्ष्यांपासून होणारा सिटॅकोसिस हा फुफ्फुसांचा आजार असतो. २०१८ साली अमेरिकेत व्हर्जिनिया आणि जॉर्जियातल्या कोंबड्यांच्या कारखान्यांत त्याची साथ आली होती. डुकराच्या मांसावर काम करणाऱ्याच्या हातावरची साधी चीरही महागात पडते. २००५ साली चीनच्या सिचुआनमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सुइस या डुकरांतल्या जंतूने दोनशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि ३८ दगावली; त्यातल्या बहुतेकांनी आजारी किंवा मेलेली डुकरं हाताळली होती.

आता आपल्या शेडचा नकाशा घ्या आणि प्रत्येक टेबलासमोर लिहा, इथे कोणती वाट उघडी आहे. एका दुपारचं काम आहे.

२. दारातच थांबवा

आजारी, नुकतंच गाभडलेलं किंवा उभं राहू न शकणारं जनावर लाइनवर घ्यायचं नाही. गर्भाशय कापायचं नाही, अख्खं बाजूला काढायचं. जनावर अचानक मेलं असेल आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल, तर त्याला सुरीच लावू नका. अँथ्रॅक्स (काळपुळी) असेल तर अंग उघडल्यावर जंतूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात. पशुवैद्याला बोलवा आणि तोवर जवळ कोणाला फिरकू देऊ नका.

३. कच्चं आणि शिजलेलं यांच्यात भिंत

माणसं वेगळी, सुऱ्या वेगळ्या, मशीन वेगळं. 'मधे पुसून घेतो' चालणार नाही. २००५ साली वेल्समध्ये कच्च्या आणि शिजवलेल्या मांसासाठी एकच व्हॅक्यूम पॅकिंग मशीन वापरल्यामुळे ई. कोलाय ओ१५७ हा आतड्याचा घातक जंतू शाळांच्या जेवणात गेला. दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, त्यात बहुतेक मुलं होती. एक पाच वर्षांचा मुलगा गेला. दुधाच्या प्लांटमध्येही हाच नियम: ७२ अंशांवर १५ सेकंद तापलेलं दूध आणि कच्चं दूध यांच्या पाइपांची कुठेही गाठ पडू द्यायची नाही. आणि कामगारांनी टाकीतलं कच्चं दूध ग्लासात काढून पिणं आजपासून बंद.

४. धुणं

इथे मी स्वतः दोन वर्षं आपटलो आहे.

आमच्याकडे शिजवलेलं मांस कापायच्या विभागात स्वॅबमध्ये, म्हणजे पृष्ठभाग पुसून तपासायला घेतलेल्या नमुन्यात, लिस्टेरिया हा अन्नातून बाधणारा जंतू सापडायचा. सतत नव्हे, मधूनमधून, आणि तेच जास्त छळणारं. प्रत्येक वेळी आमचं उत्तर एकच: अजून जोरात धुवा. प्रेशर वाढवलं, जंतुनाशक तीनदा बदललं, पुरवठादाराने दिलेली पत्रकं फाइलला लावली. लिस्टेरिया येतच राहिला. शेवटी एका रात्री मी धुणाऱ्या पोरांबरोबर पहाटेपर्यंत थांबलो. एका कोपऱ्यातली ट्यूब गेली होती म्हणून हातात टॉर्च होता. एकाने प्रेशर गन ड्रेनच्या जाळीवर धरली आणि टॉर्चच्या उजेडात मला धुकं दिसलं. ड्रेनमधून उठून, कमरेच्या वर जाऊन, ते वीस मिनिटांपूर्वी धुतलेल्या बेल्टवर सावकाश उतरत होतं.

दुसऱ्या रात्री ड्रेनमध्ये खाण्याचा लाल रंग ओतला, बेल्टवर, टेबलांवर आणि भिंतीवर पांढरे कागद चिकटवले, आणि त्यांना नेहमीसारखं धुवायला सांगितलं. बेल्टवरच्या प्रत्येक कागदावर गुलाबी ठिपके होते. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर लावलेल्या कागदावरही. मॅनेजरला अहवाल दिला नाही, ते कागदच टेबलावर ठेवले. तुमच्या शेडमध्ये हा प्रयोग एकदा कराच. उत्पादन बंद असताना, आणि नंतर सगळं परत नीट धुवायच्या तयारीने.

जोराच्या फवाऱ्याने घाण जात नाही, जागा बदलते. शिवाय फवारा मारणारा माणूस ते धुकं श्वासात घेतो. आमच्या रात्रपाळीतला एक जण तीन आठवडे तापाने फणफणत होता आणि सगळे 'फ्लू आहे' म्हणत होते. निघाला क्यू फीवर. तो जनावरांना हातही लावत नव्हता, फक्त धुवायचा. जोराची हवा तर त्याहून वाईट. २००७ साली मिनेसोटातल्या एका कत्तलखान्यात डुकरांचे मेंदू कॉम्प्रेस्ड एअरने काढले जात. त्या टेबलाच्या आसपासच्या कामगारांना मज्जातंतूंचा विचित्र आजार जडला. तो संसर्ग नव्हता. उडालेले मेंदूचे सूक्ष्म कण श्वासातून गेले आणि त्यांच्याच शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटली. जिवंत जंतूशिवाय एवढं होतं. त्यामुळे कॉम्प्रेस्ड एअरने टेबल 'साफ' करणारा कोणी दिसला, तर मी नळी काढून घेतो. चर्चा नंतर.

मग धुवायचं कसं? क्रम असा, आणि तो बदलायचा नाही.

आधी कोरडं. पाण्याचा थेंब पडण्यापूर्वी चरबी, तुकडे, पिसं सगळं खरवडून, झाडून, डब्यात. ही पायरी सगळे गाळतात, कारण पाइपने ढकलणं सोपं वाटतं. मग कमी दाबाचं कोमट पाणी. उकळतं अजिबात नको. रक्त आणि दुधातली प्रथिनं शिजून पृष्ठभागाला चिकटतात आणि मग घासून हात दुखतात. मग साबणाचा फेस, डब्यावर लिहिली असेल तेवढी मिनिटं, पण वाळू न देता. ब्रशने घासा. मशीन उघडा. २००८ साली कॅनडात लिस्टेरियाच्या साथीत वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा संशयाची सुई स्लायसरच्या, म्हणजे मांसाचे काप करणाऱ्या मशीनच्या, आत खोलवर साठलेल्या घाणीवर होती, जिथे रोजच्या धुण्यात हात पोचत नव्हता. आमच्याकडे स्लायसरचं आवरण उघडायला नट खोलायचे दोन पाने लागायचे आणि ते पाने दिवसपाळीच्या कपाटात कुलपात! म्हणजे रात्री मशीन उघडलं जाणं शक्यच नव्हतं. आधी पाने कुठे आहेत ते बघा, मग पोरांवर ओरडा.

ड्रेन याच टप्प्यात घ्यायचे, शेवटचं पाणी आणि जंतुनाशक मारण्याच्या आधी. ड्रेनचा ब्रश, बादली आणि हातमोजे वेगळ्या रंगाचे, आणि त्या रंगाची वस्तू टेबलावर दिसली तर ती टाकून द्या. ब्रश ड्रेनच्या तोंडापेक्षा थोडा लहान घ्या, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पाइप नाही, जेट नाही.

त्यानंतर कमी दाबाच्या पाण्याने साबण काढा, टॉर्च लावून बघा, बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर परत साबणावर जा. आता कुठे जंतुनाशकाची वेळ येते. घाणीवर ओतलेलं क्लोरीन घाणच खातं. खात्री करायची तर बादलीत क्लोरीनचं पाणी करा, टेस्ट पट्टी बुडवा, रंग बघा. मग त्यात पळीभर रक्त टाकून पुन्हा पट्टी बुडवा. दुसरी पट्टी फिकी पडते. दारातल्या पाय बुडवायच्या ट्रेचं दुपारपर्यंत हेच झालेलं असतं. आधी बूट घासायचे नसतील तर तो ट्रे उचलून ठेवा. जंतुनाशक पृष्ठभागावर किती मिनिटं ओलं राहायला हवं ते डब्यावर असतं. मारलं आणि लगेच पुसलं, तर पैसे ड्रेनमध्ये.

एक ताकीद. दुधाच्या भांड्यांचा खर काढायचं ॲसिड आणि क्लोरीन एकत्र येऊ देऊ नका, एका बादलीतही नाही आणि एकामागोमाग न धुतलेल्या पाइपमध्येही नाही. विषारी वायू होतो.

शेवटी वाळवा. लिस्टेरिया फ्रीजच्या थंडीतही वाढतो, पण त्याला ओल लागते. वायपर मारा, पाणी साठणारे खड्डे बुजवा.

या पद्धतीला वेळ जास्त लागतो. आमच्या पोरांना दोन तास दिलेले होते, लागले साडेतीन. तो दीड तास उत्पादनातून मिळवायला मला स्वॅबच्या अहवालांपेक्षा त्या गुलाबी ठिपक्यांच्या कागदांचा जास्त उपयोग झाला. आणि धुणारे बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात, त्यांना मास्क-चष्मा सगळ्यात शेवटी मिळतो. तो सगळ्यात आधी द्या.

५. हवा आणि चेहरा

थंड खोलीत तीच हवा फिरवत राहणारे पंखे ही दुसरी मोठी चूक. २०२० साली जर्मनीतल्या एका मोठ्या मांस कारखान्यात कोरोना एका माणसापासून आठ मीटरपेक्षा लांब उभ्या असलेल्यांपर्यंत पोचला. दोन मीटरच्या पट्ट्या जमिनीवर आखून तिथे काय झालं असतं? बाहेरची हवा आत घ्या, फिरणारी हवा फिल्टरमधून न्या.

चेहऱ्याचं साहित्य घामात टिकेल असं निवडा. २०२४च्या जुलैत कोलोरॅडोत बर्ड फ्लू झालेल्या कोंबड्या मारणाऱ्या कामगारांना त्याची लागण झाली, तेव्हा शेडमध्ये ४० अंशांवर उष्णता होती, मोठे पंखे पिसं उडवत होते आणि चष्मे-मास्क जागेवर राहत नव्हते. दूध काढणाऱ्यांचं दुखणं तर डोळ्यात: त्याच वर्षी अमेरिकेत बर्ड फ्लू झालेल्या गाईंच्या संपर्कातल्या कामगारांचे मुख्यतः डोळेच लाल झाले होते. मास्क देता आणि चष्मा देत नाही, तर अर्धंच काम केलंत. वाफ धरत नाही असा चष्मा घ्या, आणि दर दोन तासांनी तो काढायला सुट्टी.

६. आजारी माणूस

पगार कापलात तर तो सांगणार नाही. एवढंच. जुलाब-उलट्या थांबल्यावरही ४८ तास अन्नाला हात नाही, आणि त्या दिवसांचा पगार चालू. जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा भरवसा नसतो, साबण-पाणीच हवं.

प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड द्या: 'मी जनावरांच्या/कच्च्या मांसाच्या कामावर आहे.' डॉक्टर विचारत नाहीत, कामगार सांगत नाही, आणि क्यू फीवर संपर्कानंतर दोन-तीन आठवड्यांनी उगवत असल्याने दोघांनाही दुवा लागत नाही. ऑस्ट्रेलियात या आजाराची लस मिळते. तिथे ती देण्याआधी त्वचेची आणि रक्ताची चाचणी करतात, कारण आधी संसर्ग होऊन गेलेल्याला ती जोरात बाधते.

७. हजेरीपटात टेबल नंबर

नावापुढे विभाग लिहितात, तो पुरत नाही. माणूस त्या दिवशी नेमका कुठल्या टेबलावर उभा होता ते लिहा. धुणाऱ्यांचंही, कुठला ड्रेन कोणी घेतला इथपर्यंत. एकाच टेबलावरचे दोघे आठवड्याभरात तापाने पडले तर तिसऱ्याची वाट बघू नका. त्याच दिवशी आरोग्य खात्याला फोन करा, आणि त्या टेबलावर आदल्या रात्री पाइप कोणी, कसा मारला ते विचारायला जा.