सुरमईसाठी हलके ट्रोलिंग: पहिली जुळणी

कोकण किनाऱ्यावर चालत्या होडीमागे आमिष ओढून, म्हणजेच ट्रोलिंग करून, सुरमई किंवा कुपा पकडायचा असेल, तर नवशिक्याने सुमारे 6.5 फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड आणि किमान 250 मीटर दोर मावेल असे रील घ्यावे. दोर म्हणून सुमारे 9 किलो ताण सोसणारा तंगूसच (नायलॉनचा एकपदरी दोर) बरा. वेणीचा (अनेक धागे विणून केलेला) दोर बारीक आणि मजबूत असला तरी तो ताणला जात नाही, त्यामुळे धावत्या होडीमागे मासा लागताच बसणारा हिसका थेट गळावर येतो.

तंगुसाच्या टोकाला स्विव्हल (दोराला पीळ पडू न देणारी फिरती कडी), त्याला दीड-दोन मीटर जाड लीडर (आमिषाकडचा जास्त मजबूत दोर) आणि शेवटी वीतभर बारीक पोलादी तार जोडावी. सुरमईचे दात कात्रीसारखे चालतात, म्हणून तारेला पर्याय नाही. मात्र तार जाड घेतली, तर आमिषाची नैसर्गिक हालचाल मंदावते. प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की ठरावीक ताणावर दोर सुटू देणारा रीलमधला ब्रेक. रॉड न वाकवता दोराला थेट ताणकाटा लावून ओढावे आणि साधारण 2.5 किलोवर दोर सुटू लागेल इतपत ड्रॅग आवळावा.

आमिष आधी होडीलगत ओढून पाहावे. ते कुशीवर लोळू लागले, तर वेग कमी करावा. एरवी 4 ते 6 नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने, होडीमागे 25-30 मीटरवर ते ओढावे. परतल्यावर रील गोड्या पाण्याने हलकेच धुवावे आणि ड्रॅग सैल करून ठेवावा.