नाट कसा ओळखायचा: आधी मरण, मग मूर्ती

चित्रकलेच्या तासाला मी मुलांना एकच गोष्ट परत परत सांगायचे: आधी हात बघा. डोळे-नाक-ओठ सरावाने सगळ्यांना जमतात, पण माणूस कोण ते त्याच्या हातातल्या वस्तूवरून कळतं. निवृत्त झाल्यावर २०१७ आणि २०१८ साली मी दोनदा ब्रह्मदेशात गेले, तेव्हा हाच नियम सोबत नेला होता. तो अर्धाच पुरला.

बागानजवळच्या श्वेझिगॉन पॅगोडाच्या आवारात एका दालनात सदतीस नाटांच्या, म्हणजे तिथे पुजल्या जाणाऱ्या आत्म्यांच्या, मूर्ती आहेत. पहिल्या दिवशी मी तिथे बसून अकरा चित्रं काढली. मुकुट, तलवारी, दुमडलेले पाय, सगळं नीट उतरलं होतं, पण संध्याकाळी एकाही चित्राखाली मला नाव लिहिता येईना. दाराशी फुलं विकणाऱ्या आजीबाईंनी माझी वही मागून घेतली. एकेका चित्रावर बोट ठेवून त्या बोलत गेल्या आणि माझा वाटाड्या मला सांगत गेला. हा जळाला. हिने आगीत उडी घेतली. हा मारला गेला. हा दारूने गेला. आजीबाईंनी एकाही नाटाचं नाव आधी घेतलं नाही. आधी मरण, मग नाव. मी आता त्याच क्रमाने शिकते आणि इतरांनाही तसंच शिकायला सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करते. ‘नाट’ हा बर्मी शब्द आहे. शेवटचा ट ते जवळजवळ गिळतात, त्यामुळे ऐकताना ‘ना’ म्हणून आवाज झटकन तोडल्यासारखा वाटतो. आपल्याकडे कामात ‘नाट लागतो’ म्हणतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. संस्कृत ‘नाथ’ शब्दाशी मात्र अनेक अभ्यासक त्याचं नातं जोडतात. सदतीसांपैकी जवळजवळ सगळे एकेकाळी हाडामांसाची माणसं होती आणि अपमृत्यूने गेली. बर्मी भाषेत अशा मरणाला कच्चं किंवा हिरवं मरण म्हणतात, म्हणजे फळ पिकण्याआधीच तोडलं गेलं. असा जीव पुढच्या जन्माला जात नाही, तो इथेच राहतो. मुंजाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

तर पहिलं काम म्हणजे पॅगोडात शिरताना प्राणी आणि नाट वेगळे काढा. दाराशी जोडीने बसलेले भलेमोठे सिंह म्हणजे चिंते. ते नाट नाहीत, पहारेकरी आहेत. त्यांचीही एक कथा सांगतात: राजकन्येला सिंहापासून मुलगा झाला, ती मुलाला घेऊन माणसांत परतली, सिंह त्यांना शोधत गावोगाव फिरू लागला आणि शेवटी मुलानेच त्याला मारलं. बाप मारल्याचं कळल्यावर त्याने प्रायश्चित्त म्हणून सिंहाची मूर्ती घडवून मंदिराच्या दाराशी बसवली. आत गेलात की चौथऱ्याच्या कोपऱ्यांवर बघा. वरचं अंग माणसाचं आणि खाली एकाला दोन सिंहांची धडं, अशी मूर्ती दिसली तर ती मनुथिहा, म्हणजे आपला शब्द मनुष्यसिंह. दोन धडं का, ते कोपऱ्यावर उभं राहिलं की आपोआप कळतं: दोन्ही भिंतींवर एकाच वेळी पहारा ठेवता येतो. अर्धं माणूस आणि अर्धा पक्षी अशी जोडी म्हणजे किन्नर-किन्नरी, बर्मी उच्चार केन्नया आणि केन्नयी. एका रात्री ओढ्याला पाणी आलं आणि दोघं दोन काठांवर अडकली. त्या एका रात्रीच्या विरहासाठी ती ६९७ वर्षांनंतरही रडत होती, अशी जातककथा आहे. नर हंसाच्या पाठीवर बसलेली मादी दिसली तर ते बगो शहराचं चिन्ह.

यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाला चौथऱ्याभोवती वारांचे कोपरे आहेत. बुधवारचे दोन भाग करतात, त्यामुळे आठवड्याला आठ वार होतात आणि प्रत्येकाचा एक प्राणी असतो. रविवारी गरुड, सोमवारी वाघ, मंगळवारी सिंह, बुधवारी सकाळी सुळ्यांचा हत्ती आणि दुपारनंतर बिनसुळ्यांचा, गुरुवारी उंदीर, शुक्रवारी गिनीपिग, शनिवारी नाग. जाण्याआधी आपला जन्मवार शोधून ठेवा. तिथे कुणीतरी विचारतंच, आणि तुमच्या कोपऱ्यावर पाणी घालायला तुम्हाला स्वतः हाताला धरून नेतं.

आता नाट. सगळे सदतीस एकदम पाठ करायला जाऊ नका. मी तसं करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची सरमिसळ झाली. दोन घराणी पक्की करा, बाकीचे त्यांच्या आजूबाजूला बसत जातात.

पहिलं घर लोहाराचं. तगाऊंगमध्ये नगा तिन दे नावाचा लोहार होता. हत्तीचा सुळा नुसत्या हातांनी मोडेल इतकी त्याची ताकद. राजाला त्याची भीती बसली. राजाने त्याच्या बहिणीशी लग्न केलं आणि मग तिच्याच तोंडून भावाला दरबारी मानाचं बोलावणं धाडलं. तो आल्यावर त्याला सोनचाफ्याच्या झाडाला बांधून जिवंत जाळलं. बहिणीने त्याच आगीत उडी घेतली. राजाने तिचे केस धरून ओढलं, पण फक्त चेहरा वाचला. म्हणून तिचं नाव श्वे म्येत ना, सोनमुखी. दोघं त्या झाडात राहू लागली आणि सावलीत येईल त्याचा जीव घेऊ लागली. तेव्हा झाड तोडून इरावतीत सोडलं. ते वाहत बागानला पोहोचलं, आणि तिथल्या राजाने त्या लाकडातून दोघांच्या मूर्ती करून पोपा डोंगरावर बसवल्या. हा लोहारच मिन महागिरी, घराचा राखणदार.

त्याला ओळखायला मूर्ती शोधायचीही गरज नाही. बर्मी घरात शिरलात की उंचावर टांगलेला देठासकट नारळ बघा. नारळाच्या वरच्या बाजूला लाल कापड बांधलेलं असतं, तो त्याचा फेटा. नारळच का? भाजलेल्या अंगाला नारळाच्या पाण्याने थंडावा मिळतो. एका घरी सून जुना नारळ उतरवून नवा बांधत होती, ते मी जवळून पाहिलं. देठ सुकून गळायला आला की नारळ बदलतात. तिने नवा नारळ आधी कानाशी हलवून पाणी आहे ना ते ऐकलं, ओल्या फडक्याने पुसला, मग लाल कापडाची पट्टी देठाखालून घेऊन कपाळावर फेटा चढवावा तशी दोन्ही अंगठ्यांनी दाबत नेली आणि गाठ मागे घेतली. गाठ समोर येऊ दिली नाही. मी विचारलं तर म्हणाली, फेट्याची गाठ कुणी पुढे ठेवतं का? माझ्या वहीतलं सगळ्यात चांगलं पान तेच आहे.

दुसरं घर फुलांचं, आणि मला स्वतःला जास्त लागलेलं. बागानच्या अनोरथा राजाच्या पदरी ब्यात्ता नावाचा एक माणूस होता. तो आणि त्याचा भाऊ जहाज फुटून थाटोनच्या किनाऱ्याला लागलेले, मूळचे हिंदुस्थानातले मुसलमान असं सांगतात. राजासाठी पोपाहून ताजी फुलं आणायची हे ब्यात्ताचं काम. डोंगरावर त्याला फुलं खाऊन राहणारी एक राक्षसीण भेटली, म्हणजे बर्मी भाषेत बिलू. दोघांचं जमलं, दोन मुलगे झाले, आणि फुलांना उशीर झाला. राजाने ब्यात्ताला मारलं. मुलगे राजवाड्यात नेले. आई दुःखाने गेली. तीच पोपा मेडॉ, पोपाची राजमाता. तिची खूण तुम्हाला लांबूनही कळेल: चेहरा शांत, बाईचा, आणि कपाळाच्या वर मुकुटासारखं बिलूचं उग्र तोंड. एका डोक्यावर दोन चेहरे दिसले की ती हीच.

मुलगे मोठे झाले, राजाबरोबर चीनच्या मोहिमेवर गेले. परतताना राजाने मंडालेच्या उत्तरेला तौंगब्योन इथे पॅगोडा बांधायला घेतला आणि प्रत्येकाने एक वीट लावायची असा हुकूम काढला. दोघे भाऊ खेळात रमले आणि त्यांची वीट राहिली. त्याबद्दल त्यांना मारलं. पॅगोडाच्या भिंतीत दोन विटांची रिकामी जागा आजतागायत दाखवतात. २०१८ मध्ये मी त्या जागेसमोर उभी होते. माझ्यापुढे एक बाई लहान मुलाला कडेवर उचलून ती जागा दाखवत होती.

म्हणून नियम लक्षात ठेवा: पोपाला किंवा तौंगब्योनला जाताना डुकराचं मांस जवळ बाळगायचं नाही. ब्यात्ता मुसलमान होता, हे त्यामागचं कारण. पोपाला लाल किंवा काळे कपडे टाळा असंही सांगतात. देऊळ आहे ते तौंग कलात नावाच्या सुळक्यावर, ७७७ पायऱ्या अनवाणी चढायच्या. मोजेही काढावे लागतात. माकडं फार आहेत, हातात खायचं ठेवू नका. सदतीसांच्या मूर्ती पायथ्याच्या देवळातही आहेत, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर वर न जाताही तुमचा अभ्यास होतो.

या दोन घरांनंतर बाकीचे पटापट लागतात. भोवती दारूच्या बाटल्या आणि सिगारेटी ठेवलेल्या असल्या तर तो पखानचा को जी चॉ, दारू आणि कोंबड्यांच्या झुंजींचा शौकीन. मुकुटावर म्हशीचं डोकं असेल तर बगो मेडॉ, राजपुत्राला वाढवणारी म्हैसमाता. समोर खेळणी मांडलेली दिसली तर ती मा ने ले, लहानपणीच गेलेली मुलगी. दक्षिणेच्या त्रिभुज प्रदेशात वीणेसारखं वाद्य घेतलेला तरुण आणि शेजारी वाघ दिसला तर तो खाऱ्या पाण्याचा मालक ऊ शिन जी. त्याला मांसाचा नैवेद्य चालत नाही.

सदतिसावा वेगळा आहे. अनोरथाने (कारकीर्द १०४४ ते १०७७) आधी नाटांची पूजा बंद पाडायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही, तेव्हा त्याने छत्तीस नाट श्वेझिगॉनच्या आवारात आणून बसवले आणि वर राजा म्हणून थजामिन नेमला, म्हणजे आपला शक्र, इंद्र. लोक नाटांसाठी येतील आणि बुद्धापर्यंत पोहोचतील, हा त्यामागचा हिशेब. शंख आणि चवरी दिसली की थजामिन. त्याला अपमृत्यू नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर इतरांसारखा ताण कोरलेला मला दिसला नाही. एप्रिलमध्ये थिंज्यानच्या सणात तो पृथ्वीवर उतरतो आणि दोन वह्या आणतो. चांगल्यांची नावं सोन्याच्या पानांवर, वाईटांची कुत्र्याच्या कातड्यावर.

तौंगब्योनची जत्रा वागाऊंग महिन्यात, साधारण ऑगस्टमध्ये, पौर्णिमेपर्यंत भरते. तिथे नाट मूर्तीत नसतात, माणसांच्या अंगात येतात. ज्यांच्या अंगात येतात त्यांना नाट कडॉ म्हणतात, म्हणजे नाटाची पत्नी. त्यांत बरेच जण जन्माने पुरुष असून बाईच्या वेषात असतात आणि त्यांना तिथे मान असतो. अंगात कोण आलंय ते चालीवरून ओळखा. दारूची बाटली तोंडाला लावून घोडा उधळावा तसा नाच सुरू झाला तर को जी चॉ. आवाज एकदम बोबडा झाला आणि हात खेळण्याकडे गेला तर मा ने ले. वादकांच्या बाजूला बसा असं मी सांगेन. मधल्या माणसाभोवती एकवीस ढोल गोल मांडलेले असतात, आणि तो शिजवलेला भात आणि राख मळून केलेला लगदा बोटाने ढोलाच्या मध्यभागी चिकटवत स्वर लावतो. नाट बदलायचा असला की त्याचे हात आधी बदलतात, नाचणाऱ्याचे नंतर.

नैवेद्याच्या थाळीत मध्ये एक नारळ, भोवती हिरव्या केळ्यांच्या फण्या आणि जांभळीच्या कुळातल्या थब्ये झाडाची पालवी असते. थाळी ओलांडू नका. पाय मूर्तीकडे करून बसू नका. चित्र काढायचं असेल तर आधी विचारा. मला कुणीही नाही म्हटलं नाही.

ज्यांची मूर्ती फारशी दिसत नाही त्यांचंही थोडं सांगते. जमिनीत पुरलेल्या धनावर पहारा देणाऱ्या तरुणीला ओक्ताझाऊंग म्हणतात. आणि लेइप्या म्हणजे फुलपाखरू, झोपेत शरीराबाहेर पडून भटकणारा माणसाचा जीव. म्हणून जुन्या घरांत झोपलेल्याला दचकवून उठवत नाहीत, फुलपाखराला परतायला वेळ मिळायला हवा. मुक्कामाच्या घरी मला रोज सकाळी दारापाशी उभं राहून हळू हळू हाक मारायचे. कारण कळलं ते चौथ्या दिवशी.

२०२१ पासून देशात अशांतता आहे आणि २८ मार्च २०२५ च्या भूकंपात मंडाले-सागाईंग भागातल्या अनेक पॅगोडांची पडझड झाली. जायचा विचार असेल तर रस्ते आणि परवानगी आधी तपासा. आणि दोन प्रश्न पाठ करून जा. मूर्तीकडे हात जोडून ‘बे ना ले?’, म्हणजे हा कोणता नाट? उत्तरात नाव मिळेल. मग थोडं थांबून ‘बेलो थेदाले?’, म्हणजे कसा गेला? दुसऱ्या प्रश्नाला आजीबाई खाली बसतात आणि तुमच्यासाठीही चटई ओढतात. वही तेव्हा उघडा.