पित्तनलिका सापडत नाही? ईआरसीपी करताना या चुका टाळा

ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण (स्कोप) आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेवर केलेला उपचार. त्यात गाइडवायर (वाट दाखवणारी बारीक तार) पित्तनलिकेत जात नाही म्हणून त्याच कोनातून पुन्हा पुन्हा टोचत राहणं, ही ईआरसीपीतली सगळ्यात महाग पडणारी चूक. प्रत्येक टोचणीने पॅपिला (पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्यात जिथे उघडते तो उंचवटा) सुजते, वाट आणखी अरुंद होते आणि नंतर पॅन्क्रिएटायटिस (स्वादुपिंडाचा दाह) होण्याचा धोका वाढतो. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेने २०१६ मध्ये मर्यादा आखून दिली आहे: पॅपिलाला ५ पेक्षा जास्त स्पर्श, पॅपिला दिसल्यापासून ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ, किंवा स्वादुपिंडाच्या नळीत एकापेक्षा जास्त वेळा नकळत शिरकाव. यातलं एकही घडलं की केस अवघड समजा आणि पद्धत बदला. वेळ मोजायचं काम सिस्टरकडे द्या. स्वतःला ती पाच मिनिटं दोनच वाटतात.

बऱ्याचदा दोष तारेचा नसतोच. स्कोप नीट उभा नसतो, पॅपिला तिरकी दिसते. आधी ती समोर आणा, मग स्फिंक्टेरोटोम (जिच्यातून तार आत घालतात ती, टोक वाकवता येणारी नळी) वाकवून घड्याळातल्या ११ च्या दिशेने रोख धरा. बिलरॉथ-२ शस्त्रक्रिया (जठराचा काही भाग काढून उरलेला लहान आतड्याला जोडणं) झालेल्या रुग्णात हे चित्र उलटं असतं, तिथे सवयीचा हात दगा देतो.

तार आडवी होऊन मणका ओलांडून डावीकडे गेली, तर ती स्वादुपिंडात आहे. खात्रीसाठी कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडू नका. आणि घाईने ती काढूही नका! ती तशीच ठेवून शेजारून दुसरी तार पित्तनलिकेत घालता येते. मात्र या पद्धतीनंतर स्वादुपिंडाच्या नळीत ५ फ्रेंचचा (सुमारे १.७ मिलिमीटर जाडीचा) स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी छोटी नळी, ठेवणं टाळू नये. तो ५ ते १० दिवसांत आपोआप पडला का, हे एक्स-रेने पाहावं. डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथॅसिनची १०० मिलिग्रॅमची गुदमार्गातली गोळी, मनाई नसेल तर, प्रक्रियेच्या आधीच द्यायची असते. ती विसरणारे कमी नाहीत.

प्रीकट, म्हणजे तार आत जाण्याआधीच पॅपिलाला छेद देऊन वाट करणं, उगाच बदनाम आहे. पॅपिला सुजून लाल झाल्यावर शेवटचा उपाय म्हणून तो केला, की गुंतागुंतीचं खापर त्याच्यावर फुटतं. लवकर केलेला, पॅपिलाच्या तोंडाच्या वरून छेद घेणारा फिस्टुलोटॉमीचा मार्ग माझ्या मते जास्त बरा. पण प्रशिक्षणाशिवाय नीडल-नाइफ (त्यासाठीची सुईसारखी सुरी) हातात घेऊ नये.

प्रीकटनंतरही जमलं नाही आणि रुग्ण स्थिर असेल, तर थांबा. सूज उतरल्यावर, २ ते ४ दिवसांनी केलेला प्रयत्न अनेकदा सहज जमतो. कोलॅंजायटिसने (पित्तनलिकेतल्या जंतुसंसर्गाने) तापलेल्या, रक्तदाब उतरलेल्या रुग्णाला मात्र ही सवड नसते. त्याच्यासाठी पीटीबीडी (त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त काढणं) किंवा ईयूएसची (दुर्बिणीतून सोनोग्राफी करत केलेल्या उपचाराची) सोय असलेल्या सहकाऱ्याला त्याच दिवशी फोन करा.