शेडमधले कॅमेरे घरातल्या रेकॉर्डरला जोडताना

आमचा मळा नारायणगावपासून पाच किलोमीटर आत. घराच्या ओट्यावरून ट्रॅक्टरची शेड दिसते, पण मधला ऊस वाढला की पत्र्याचा कोपरा तेवढा उरतो. टेप लावून मोजलं तेव्हा घराच्या भिंतीपासून शेडच्या दारापर्यंत ६२ मीटर भरलं. शेडमध्ये ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, डिझेलचे कॅन. आणि शेडला लागूनच गोठा. जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला राहणाऱ्याचा रात्री गोठ्याकडे कान का असतो, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

मी चाकणला एका कारखान्यात १६ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स मेंटेनन्सला होते, म्हणून कॅमेऱ्यांचं काम घरच्यांनी माझ्यावर सोपवलं. पहिल्यांदा केलं ते एका वळवाच्या पावसात गेलं. खाली लिहिते आहे ती दुसऱ्या वेळची पद्धत. ती तीन पावसाळे टिकली आहे.

पहिल्या वेळी मी सगळे करतात तेच केलं. कॅट-६ ही नेटवर्कची केबल घरापासून शेडपर्यंत दोन खांबांवरून बाइंडिंग तारेला बांधून नेली. तांब्याची ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे ६२ मीटरला काहीच अडचण नव्हती. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते (याला पीओई म्हणतात), त्यामुळे शेडमध्ये लाईन असो-नसो, चित्र यायचं. मे महिन्यात एका संध्याकाळी दोन शेतं पलीकडे वीज पडली. आमच्या घरावर नाही, शेडवरही नाही. तरी रेकॉर्डर गेला, राउटर गेला, तीनपैकी दोन कॅमेरे गेले. मी रेकॉर्डर उघडला तर केबल लागते त्या पोर्टच्या मागची छोटी काळी चिप मधोमध फुटलेली होती आणि झाकणाला आतून काजळी धरली होती. अण्णा, म्हणजे माझे सासरे, बाजूला उभे होते. म्हणाले, "अगं, वीज तर तिकडं पडली, मग हे कसं जळलं?"

त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. जवळपास वीज पडते तेव्हा ती जमिनीत पसरते, आणि त्या क्षणी घराखालच्या जमिनीचा व्होल्टेज वेगळा आणि शेडखालच्या जमिनीचा वेगळा असतो. दोन्हीकडे अर्थिंग आहे आणि मधे तांब्याची तार आहे, म्हटल्यावर तो फरक त्या तारेतूनच वाहणार. शिवाय उघड्यावरच्या लांब तारेत आभाळातूनही झटका उतरतो. एकाच इमारतीत केबल फिरवताना ही काळजी एवढी नसते. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या म्हटलं की हाच मुख्य प्रश्न, बाकी सगळं नंतर.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घर आणि शेड यांच्यामध्ये डेटासाठी फायबर टाका, म्हणजे काचेचा बारीक धागा, ज्यातून चित्र प्रकाशाने जातं. काचेतून वीज वाहत नाही. आता गावोगाव इंटरनेटवाले हीच वायर टाकतात, त्यामुळे मिळायला अवघड नाही. विकत घेताना एक गोष्ट बघा. घराघरात येणाऱ्या काळ्या चपट्या फायबरमध्ये ताण घेण्यासाठी एक जाड तार असते, ती बऱ्याचदा स्टीलची असते. आपल्याला दोन इमारतींत धातू नकोच आहे, तेव्हा आत फायबरग्लासची काडी असलेली वायर मागा. दुकानदार तिला एफआरपी म्हणतात. चुंबक लावून बघा, चिकटला तर परत द्या.

फायबरच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लागतो: एका बाजूला फायबर, दुसऱ्या बाजूला नेहमीचा केबलचा पोर्ट. एकाच धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात, कारण एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो आणि दुसरा १५५० वर. दोन्ही ए घेतले तर कन्व्हर्टरवरचा जोडणीचा दिवा लागत नाही आणि माणूस दिवसभर वायर तपासत बसतो. टोकं जोडायला मशीन लागतं. इंटरनेटवाल्या मुलाला बोलावलं, अर्ध्या तासात दोन्ही टोकं झाली. तो धागा जोरात वाकवायचा नाही, वळण निदान मुठीएवढं ठेवा. दोन्हीकडे दोन-तीन मीटर वेटोळं जास्तीचं ठेवा. आणि चालू असलेल्या फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला लागतो.

मधे चर खणताच येत नसेल, रस्ता आडवा असेल, तर वायरलेस ब्रिज हा दुसरा मार्ग. दोन छोटे डबे एकमेकांकडे तोंड करून बसवायचे. शेजारच्या मळ्यात तो चांगला चालतो, कारण त्यांच्या मधे नुसतं कांद्याचं वावर आहे. आमच्याकडे ऊस दहा-बारा फूट चढतो आणि बांधावर आंबा आहे. ओली पानं ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पिऊन टाकतात. उन्हाळ्यात बसवून छान चाललेला ब्रिज श्रावणात अडकायला लागतो तो यामुळेच. एका डब्यापाशी उभं राहून दुसरा स्वच्छ दिसत असेल, आणि आडवं येणारं पीक-झाड दोघांमधल्या रेषेच्या बरंच खाली असेल, तरच त्या वाटेला जा.

फायबरमधून कॅमेऱ्यांना वीज पाठवता येत नाही, म्हणजे शेडला वेगळी वीज हवी. विहिरीच्या मोटरची लाईन जवळ असते, तिच्यावरून घ्यायचा मोह होतो. तसं करू नका. एक तर शेतीपंपाची जोडणी दुसऱ्या कामाला वापरणं नियमात बसत नाही, आणि दुसरं म्हणजे ती लाईन ठरावीक तासच असते. उरलेल्या वेळात कॅमेरे आंधळे.

आम्ही घराच्या इन्व्हर्टरवरून २.५ चौरस मिलिमीटरची दोन कोअरची आर्मर्ड केबल जमिनीतून नेली. पाऊण मीटर खोल चर, तळाला वाळू, केबल, वर पुन्हा वाळू आणि त्यावर विटांची ओळ, म्हणजे उद्या कोणाची पहार लागलीच तर आधी विटेवर लागेल. फायबर त्याच चरात पण वेगळ्या एचडीपीई पाइपमधून नेलं. ठिबकची मेन लाईन आडवी होती तिथे तिच्या खालून काढलं. चर बुजवण्याआधी घराच्या कोपऱ्यापासून अंतरं मोजून वहीत नकाशा काढला आणि फोटो काढून ठेवले. हे नक्की करा. दोन वर्षांनी जेसीबी आला तेव्हा त्या वहीनेच वाचवलं.

तुम्ही म्हणाल, विजेची केबलही तांब्याचीच, मग झटका तिच्यातून येईल. येऊ शकतो. पण तिथे सर्ज अडवणारं उपकरण, एसपीडी, बसवता येतं, आणि रेकॉर्डरच्या नाजूक डेटा पोर्टचा त्या तारेशी थेट संबंध उरत नाही. आम्ही घराच्या बोर्डात एक आणि शेडच्या बोर्डात एक एसपीडी लावला. शेडच्या बोर्डात एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा), आणि शेडचं स्वतःचं अर्थिंग. एवढा भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मला येत असूनही मी त्यालाच बोलावलं, कारण पत्र्याच्या शेडमध्ये ओल्या हाताने गुरांना पाणी पाजणारी माणसं वावरतात.

शेडमध्ये प्लास्टिकच्या बंद पेटीत कन्व्हर्टर आणि चार पोर्टचा पीओई स्विच, म्हणजे एका लाईनवरून सगळ्या कॅमेऱ्यांना जोडणी आणि वीज देणारा डबा. स्विचपासून कॅमेऱ्यांपर्यंत मात्र कॅट-६च, कारण ते सगळं एकाच पत्र्याखाली आहे. इथे केबल खऱ्या तांब्याची घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडा: आत पांढरं दिसलं तर ती तीच. अशा केबलमध्ये दिवसा सगळं ठीक चालतं, रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की ओढ वाढते, व्होल्टेज पडतो आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. रात्रीच बिघडणारा कॅमेरा दिसला की मी आधी केबल खरवडते.

कॅमेरे वर चढवण्याआधी तिन्ही ओट्यावर मांडून एक रात्र चालवले. उंची नऊ फूट ठेवली. चौदा फुटांवरून टोपीच दिसते, चेहरा नाही. दाराकडे ४ मिलिमीटरची लेन्स (चित्र अरुंद पण जवळचं), आत २.८ची (रुंद). लोखंडी अँगलवर कॅमेरा थेट न ठोकता मधे पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स घातला. केबलच्या टोकाला पाणी अडवणारी टोपणं येतात, ती आरजे-४५ (केबलच्या टोकाचा कनेक्टर) दाबण्याआधी केबलमध्ये ओवायची असतात. नंतर ती जात नाहीत, कनेक्टर कापावा लागतो. आणि केबल कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं.

घरातल्या टोकाला बरेच जण अडतात. एनव्हीआरच्या, म्हणजे नेटवर्क कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरच्या, मागे चार-आठ पीओई पोर्ट दिसतात आणि शेडची लाईन सरळ त्यात घातली जाते. ते पोर्ट बहुतेक रेकॉर्डरमध्ये स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवतात आणि प्रत्येकावर एकच कॅमेरा येईल असं धरून चालतात. शेडच्या एका लाईनवर तीन कॅमेरे आहेत. म्हणून कन्व्हर्टरमधून येणारी केबल राउटरला, आणि एनव्हीआरचा लॅन पोर्टही त्याच राउटरला. मग प्रत्येक कॅमेऱ्याला नेटवर्कवरचा कायमचा पत्ता (आयपी) द्या. माझं राउटर १९२.१६८.१.१, एनव्हीआर १९२.१६८.१.५०, कॅमेरे ५१, ५२, ५३; आणि राउटर फोनला वाटतो ते पत्ते १०० च्या पुढे ठेवले, म्हणजे टक्कर होत नाही. एनव्हीआरमध्ये कॅमेरा हाताने जोडताना तो पत्ता आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड घालायचा. कंपनी वेगळी असेल तर प्रोटोकॉलमध्ये ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची सामाईक भाषा) निवडा, आणि आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. पासवर्ड प्रत्येकाचा बदला.

घरी जुना डीव्हीआर (साध्या, नेटवर्क नसलेल्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) असेल तर त्याच्या मेनूत आयपी चॅनल, म्हणजे नेटवर्क कॅमेरे घेण्याची सोय, आहे का बघा. नवीन बऱ्याच डीव्हीआरमध्ये दोन-चार असतात. ते नसतील आणि थ्री-प्लस-वन केबलच (साध्या कॅमेऱ्यांची, चित्राची आणि विजेची तार एकत्र असलेली) न्यायची असेल, तर निदान १२ व्होल्ट घरून पाठवू नका, पॉवर सप्लाय शेडमध्ये ठेवा. तरीही चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसू शकतात. चित्राच्या तारेवरच्या (बीएनसी कनेक्टरच्या) धातूच्या जाळीने दोन्हीकडची अर्थिंग जोडली गेली त्याचीच ती खूण.

हार्डडिस्कचा हिशोब सोपा आहे. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ मध्ये (चित्रण आकसून साठवण्याची पद्धत) ४ एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला ४३ जीबी. तीन कॅमेऱ्यांचे १३० जीबी. २ टीबीत पंधरा दिवस, ४ टीबीत महिना. आम्ही ४ टीबी घेतली, कारण डिझेल कमी झाल्याचं पंधरा दिवसांनीच कळतं. डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेली घ्या. रेकॉर्डरची वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवा. पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली तर घड्याळ दहा मिनिटं पुढे असणं महागात पडतं.

आणि एक सेटिंग, जे माझ्या मते आमच्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. नवे कॅमेरे फक्त माणूस किंवा गाडी दिसली तरच फोनवर कळवतात. पानं हलली, मांजर गेलं, की फोन वाजत नाही, म्हणून आम्हीही तेच चालू ठेवलं होतं. एका सकाळी कालवड दाव्याला गच्च ताण देऊन उभी होती, कान मागे, दुधाची गायही अंग चोरून. रेकॉर्डिंग मागे नेलं. २ वाजून ४० मिनिटांनी उसाच्या कडेने बिबट्या आला, गोठ्याच्या जाळीला नाक लावून चार-पाच मिनिटं बसला, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं, आणि उठून परत उसात गेला. जाळी पक्की होती म्हणून वाचलो. फोन एकदाही वाजला नव्हता, कारण कॅमेऱ्याच्या लेखी तो माणूस नव्हता आणि गाडीही नव्हती. त्या दिवसापासून गोठ्याच्या कॅमेऱ्यावर ते गाळण काढलं. रात्री १० ते पहाटे ६ साधी हालचाल चालू ठेवली, आणि चित्रात फक्त जाळीच्या बाहेरचा पट्टा आखून दिला, म्हणजे गुरं हलली तरी इशारा येत नाही.

साधी हालचाल लावली की कोळी त्रास देतात. इन्फ्रारेडच्या उबेला आणि किड्यांना ते येतात, लेन्ससमोर जाळं विणतात, रात्री ते पांढरं लखलखतं आणि फोन वाजत राहतो. अण्णांनी बांबूला जुना सुती पंचा गुंडाळून ठेवला आहे. दर रविवारी गुरांना वैरण टाकली की ते तिन्ही कॅमेऱ्यांवरून तो फिरवतात, आणि खाली उभं राहून मला फोन करतात, "बघ गं, दिसतंय का साफ?"