हळदीतलं कर्क्युमिन त्वचेत उतरवायचं: इथोसोम जेलची कृती

कर्क्युमिनचा रेणू ३६८ डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक). त्वचेतून जाण्यासाठी धरली जाणारी ५०० डाल्टनची मर्यादा तो सहज पाळतो. अडचण निराळी आहे: पाण्यात तो जवळजवळ विरघळतच नाही, उजेडात नासतो आणि पीएच ७ च्या वर गेला की झपाट्याने तुटतो. म्हणून एम.फार्म.च्या प्रकल्पांत बरेचदा औषध वाहून नेणारे कण छान बारीक होतात, १५० नॅनोमीटर आकाराचा देखणा आलेखही मिळतो, पण त्या कणांत औषध किती उरलंय हे कोणी पाहत नाही. खालची कृती ते टिकवण्यासाठी आहे.

इथोसोम म्हणजे लेसिथिनच्या पडद्याची पुटिका, म्हणजे अतिसूक्ष्म पिशवी, पण भरपूर अल्कोहोलमध्ये (इथेनॉलमध्ये) बनवलेली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात एल्का तुइतू यांच्या गटाने ही कल्पना पुढे आणली. अल्कोहोलमुळे पुटिकेचा पडदा लवचिक होतो आणि त्वचेच्या वरच्या थरातली चरबीही सैल पडते. यंत्रसामग्री फारशी लागत नाही, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेला हीच पद्धत सोयीची.

२० मिलीसाठी साहित्य:
कर्क्युमिन २० मिग्रॅ
सोया फॉस्फॅटिडिलकोलिन (हेच लेसिथिन) ६०० मिग्रॅ
इथेनॉल ६ मिली
प्रोपिलीन ग्लायकॉल २ मिली
शुद्ध पाणी २० मिली होईपर्यंत, साधारण ११.५ मिली

बाजारातलं ‘९५ टक्के कर्क्युमिन’ हे तीन कर्क्युमिनॉइडांचं (कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं) मिश्रण असतं, हे प्रमाणित द्रावण करताना लक्षात ठेवा. स्वयंपाकाची हळद इथे चालत नाही. तिच्यात कर्क्युमिन दोन-पाच टक्केच असतं, आणि मिक्सरमधून कितीही फिरवली तरी ती नॅनो होत नाही.

झाकणाच्या बाटलीला बाहेरून फॉइल गुंडाळा. त्यात लेसिथिन आणि कर्क्युमिन इथेनॉलमध्ये ढवळून पूर्ण विरघळवा, मग प्रोपिलीन ग्लायकॉल घाला. झाकण उघडं राहिलं तर अल्कोहोल उडून जातं आणि तुम्ही ३० टक्के समजता ते प्रत्यक्षात कमीच असतं. मिश्रण आणि पाणी दोन्ही वेगवेगळे ३० अंश सेल्सिअसवर आणा. चुंबकीय स्टिरर ७०० आरपीएमवर ठेवून बारीक सुईच्या सिरिंजने मिनिटाला साधारण १ मिली या गतीने पाणी सोडा. संपल्यावर आणखी पाच मिनिटं ढवळा. द्रव पिवळा-दुधाळ दिसायला हवा. तळाशी केशरी चुरा बसला तर पाणी घाईने पडलंय किंवा औषध जास्त झालंय. इथेनॉल ४५ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, तिथे पडदाच विरघळू लागतो.

पुटिकांचा आकार कमी करायला प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण फोडणारं यंत्र) वापरा: १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, एकूण पाच मिनिटं, आणि बीकर बर्फात. प्रोबच्या टोकातून टायटॅनियमचे कण झडतात, ते नंतर हलक्या सेंट्रिफ्यूजने काढावे लागतात.

आता सगळ्यात फसवी पायरी. आत किती औषध गेलं ते मोजायला मुलं थेट जोरात सेंट्रिफ्यूज करतात, वरचं पाणी तपासतात आणि ९९ टक्के लिहून मोकळी होतात. पण न अडकलेलं कर्क्युमिन पाण्यात राहतच नाही, स्फटिक होऊन पुटिकांबरोबर तळाशी बसतं. म्हणून आधी ३००० आरपीएमवर दहा मिनिटं फिरवून स्फटिक वेगळे करा. वरच्या द्रवाचा थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: चमकणाऱ्या सुया दिसल्या तर पुन्हा फिरवा. मग त्या द्रवातल्या पुटिका मिथेनॉलमध्ये फोडून ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशशोषण मोजा.

जेलसाठी कार्बोपोल ९४० (पाणी घट्ट करणारी पावडर) पाण्यात २ टक्के घेऊन रात्रभर फुगू द्या. त्यात बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) घालू नका, क्षारांनी कार्बोपोल पातळ होतं. ट्रायइथेनॉलअमाइन (पीएच वाढवणारा द्रव) थेंबाथेंबाने घालून पीएच ५.५ ते ६ वर आणा, आणि हे सगळं इथोसोम मिसळण्याच्या आधी. उलट क्रमाने केलंत तर थेंब पडतो तिथे लालसर रेघ उमटते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात तोच हा रंग, आणि तिथलं औषध तुटायला लागलेलं असतं. तयार जेल १० ग्रॅम आणि इथोसोम २० मिली हलक्या हाताने एकजीव करा. अल्कोहोल आता २० टक्क्यांच्या आसपास येतं, त्यामुळे पुटिकांचा आकार पुन्हा मोजा. जेल करण्यापूर्वीचा आकडा प्रबंधात खपवू नका.

औषध त्वचेतून किती जातं ते फ्रान्झ सेलमध्ये मोजतात: वर त्वचा आणि जेल, खाली द्रव भरलेला कप्पा. त्या कप्प्यात ७.४ पीएचचा फॉस्फेट बफर भरणं ही जवळजवळ रूढीच झालीय. त्यात ३७ अंशांना अर्ध्या तासात बहुतेक कर्क्युमिन नष्ट होतं, मग ‘औषध आरपार गेलंच नाही’ असा निष्कर्ष निघतो. ५.५ पीएचचा बफर आणि कर्क्युमिन विरघळलेलं राहावं म्हणून १-२ टक्के ट्वीन ८० घ्या, त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान ३२ अंश ठेवा. डुकराच्या कानाची त्वचा उत्तम. खालच्या बाजूला हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढी जागा वाया जाते, सेल तिरपा करून तो बाहेर काढा. प्रत्येक वेळी काढलेल्या नमुन्याइतकाच ताजा द्रव परत भरा.

तुलनेला साधं कर्क्युमिन ३० टक्के इथेनॉलमध्ये घेऊन तोच प्रयोग करा. ही पायरी टाळली तर फरक पुटिकेने पडला की नुसत्या अल्कोहोलने, हे सांगता येत नाही. शेवटी वरचा थर टेपने सोलून, उरलेली त्वचा मिथेनॉलमध्ये भिजवून मोजा. कर्क्युमिन आरपार जाण्यापेक्षा त्वचेतच जास्त थांबतं, आणि सोरायसिस किंवा सूज यांसाठी तेच हवं असतं.

उघड्या जखमेवर हे जेल झोंबेल. माणसांवर वापरायचं तर आधी आचारसमितीची मंजुरी हवी. साठवण गडद काचेच्या बाटलीत, ४ अंशांवर. फ्रीझरमध्ये मात्र नको, बर्फ धरला की पुटिका फुटतात. महिन्याने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: सुया दिसल्या तर पुढच्या खेपेला कर्क्युमिन १० मिग्रॅवर आणा.